हिर्डोशीच्या जावा आणि दोन व्याकरणं

खालिद आणि नुजहत यांचं एकमेकांवर प्रेम आहे, याबद्दल भोरमध्ये कुणालाच शंका नव्हती. ते भांडतात कशावरून, हे मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. शेजारणी कान देऊन ऐकायच्या, पण 'क्रियापद', 'सिडनी' आणि 'कार्डिफ' यापलीकडं हाती काही लागायचं नाही. गल्लीतल्या एकीचा तर बरेच दिवस समज होता की कार्डिफ ही कुणी बाई आहे आणि खालिद तिच्या नादी लागलाय.

मी त्या काळात, म्हणजे नव्व्याण्णव सालच्या आसपास, त्यांच्याच कॉलेजात इतिहास शिकवत होतो, आजही शिकवतो. ते दोघं इंग्रजी शिकवायचे. एम.ए.ला एका वर्गात होते, तिथंच जमलं, घरच्यांनी फार ताणलं नाही, आणि नसरापूरची नुजहत भोरच्या बाजारपेठेत सून म्हणून आली. खालिदची आई अन्वरी, तिचं तिथं बांगड्यांचं दुकान. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग दोघांनी पीएच.डी.ला नावं घातली. खालिदला मार्गदर्शक मिळाले कोल्हापूरचे, नुजहतला पुण्याच्या, आणि त्या दोन मार्गदर्शकांमध्ये विस्तव जात नव्हता.

विषयाचं नाव प्रकार्यात्मक व्याकरण. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. आपण शाळेत शिकलो ते व्याकरण वाक्य बरोबर की चूक एवढंच बघतं. हे व्याकरण विचारतं, वाक्य काम काय करतंय? बोलणाऱ्याला त्यातून साधायचं काय आहे? इथवर नवराबायकोचं एकमत होतं. पण या व्याकरणाच्या घराण्यातही भाऊबंदकी झालेली होती. एक पाती सिडनी शहरातल्या अभ्यासकांची, दुसरी कार्डिफ शहरातल्यांची. नुजहत सिडनीकडं, खालिद कार्डिफकडं. हैदराबादहून मागवलेल्या झेरॉक्सचे गठ्ठेसुद्धा पलंगाच्या दोन बाजूंना वेगवेगळे ठेवलेले.

एका सकाळी अन्वरीबाईंनी दुकानाला निघताना सुनेला सांगितलं, "गॅस संपलाय म्हणून सांग त्याला. नंबर लावू दे."

नुजहतनं खालिदला सांगितलं, "अम्मी म्हणाल्या की गॅस संपलाय."

खालिदनं पेपर खाली ठेवला. "आता हे जे तू बोललीस, ते एक वाक्य की दोन?"

"दोन," नुजहत म्हणाली. "'अम्मी म्हणाल्या' हे एक घर. 'गॅस संपलाय' हे शेजारचं घर. टेकलेली आहेत एकमेकांना, पण भिंत ज्याची त्याची."

"छे! एकच वाक्य. माणूस जेवला काय, तर भात. अम्मी म्हणाल्या काय, तर 'गॅस संपलाय'. भात पोटात जातो तसं ते वाक्य पहिल्याच्या पोटात गेलंय. शेजार कसला आलाय!"

"पोटात गेलं तर त्याचा स्वतःचा आवाज कसा राहतो?"

"पोटाला आवाज नसतो असं कोण म्हणालं?"

हे कॉलेजची वेळ होईपर्यंत चाललं आणि कॉलेजात मधल्या सुट्टीत माझ्यासमोर पुढं चालू झालं. संध्याकाळी अन्वरीबाई दुकान बंद करून आल्या तेव्हा चूल थंडगार. दोघांनी आपापली बाजू त्यांना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाक्य एक का दोन ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "भाकरी एकबी न्हाई घरात."

त्याच सुमाराला पुण्यात एक चर्चासत्र ठरलं. दोन्ही पात्यांची तुलना करणारा निबंध हवा होता आणि संयोजकांनी या दोघांना मिळून लिहायला सांगितलं. दोघंही हरखले, कारण आपण समोरच्याचा पाडाव करणार याची दोघांनाही खात्री होती. अट एकच: दोघांनी एकच सामग्री वापरायची. 'ती म्हणाली की', 'त्याला सांग की' असल्या निरोपाच्या वाक्यांवर काम करायचं, आणि ती वाक्यं पुस्तकातली नकोत, बोलण्यातली हवीत.

"असली वाक्यं भरपूर कुठं मिळतील?" जेवताना खालिद म्हणाला.

"हिर्डोशीला," अन्वरीबाई म्हणाल्या.

दोघांनी माना वर केल्या.

"अंबूबाई हाय की हिर्डोशीची. माझ्याकडं बांगड्या भराय येती. तिची धाकटी जाऊ फुलाबाई, तीबी येती. पण दोघी एकमेकीशी बोलत न्हाईत, कैक वर्सं झाली. जे काय बोलायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. 'तिला सांगा अमुक, तिला म्हणावं तमुक.' माझ्या दुकानातबी तेच. एकीच्या हातात बांगडी चढवताना म्या दुसरीचा निरोप सांगायचा. तुमाला पायजे ती वाक्यं पोत्यानं मिळतील."

नुजहतचे डोळे चमकले. संशोधकाला अशी भांडणं नशिबानंच लाभतात.

दिवाळीच्या सुट्टीत दोघं हिर्डोशीच्या एसटीत बसले. सोबत खालिदचा जुना टेपरेकॉर्डर, कॅसेट, सेल आणि अन्वरीबाईंनी दोघी जावांसाठी दिलेल्या हिरव्या बांगड्या. भाताची कापणी उरकत आली होती, नाचणी अजून उभी होती. महाडच्या रस्त्यावर उतरून चढ चालून गेलं की अंबूबाईचं घर. तिथून फुलाबाईचं घर हाकेच्या अंतरावर होतं, पण तिथं हाक कुणी मारत नव्हतं. मधे नळ, नळाशेजारी दोघींच्या वाट्याचं एकच उखळ.

अंबूबाईचे मालक कुंडलिकराव ओट्यावर बसलेले. पाहुणे निरोप गोळा करायला आलेत हे कळल्यावर त्यांनी टोपी काढून कपाळावरचा घाम पुसला.

"कैक वर्सं म्या ह्यांचं टपाल वाहतोय," ते म्हणाले. "धाकटा भाऊ पुण्याला वॉचमन झाला आन सुटला. म्या हितं घावलो. पोस्टमनला पेन्शन तरी असती. सर, तुमी नेणार का निरोप?"

"नेऊ की," खालिद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिकराव लेकीला नवे तांदूळ द्यायचं निमित्त काढून भाटघरला निघूनसुद्धा गेले. जाताना त्यांची चाल एखाद्या मोकळ्या सुटलेल्या बैलासारखी होती, असं नुजहत पुढं मला म्हणाली.

नुजहतनं दोघी जावांना जाऊन नीट समजावलं की बोलणं टेप होणार आहे.

"कर की," अंबूबाई म्हणाली. "पर मधीच शिव्या आल्या तर?"

"शिव्या चालतील."

"चालत्याल? मंग तुजं लई काम हाय पोरी."

भांडणाचं मूळ असं होतं. फुलाबाईचं माहेर वेल्ह्याकडचं. तिच्या माहेरच्या एका लग्नात अंबूबाई म्हणे असं म्हणाली, की ह्यांच्या आमटीत डाळ शोधायची तर बुडी मारावी लागंल. ते कुणीतरी फुलाबाईच्या कानावर घातलं. फुलाबाईनं कुणाकडून तरी उत्तर धाडलं. त्या उत्तराला उत्तर गेलं. तेव्हापासून सरळ तोंडाला तोंड बंद.

कामाची वाटणी झाली. अंबूबाईचे निरोप फुलाबाईकडं नुजहत नेणार, फुलाबाईचे अंबूबाईकडं खालिद आणणार. एकजण इकडं असला की दुसरा तिकडं. आणि इथंच घोटाळा सुरू झाला, कारण दोघांची निरोप सांगायची रीत त्यांच्या त्यांच्या व्याकरणासारखी होती.

नुजहतचं म्हणणं, निरोप हे शेजारचं घर. आपण कुणाच्या घरात हात घालायचा नाही. अंबूबाई म्हणाली, "सांग तिला, सूप नेलंय ते परत कर म्हणावं. का सुपात बसून म्हायेरी जायचंय?" नुजहत नळ ओलांडून गेली, फुलाबाईच्या दारात उभी राहिली, "अंबूबाई म्हणाल्या," असं म्हणून थांबली, आणि मग सगळं जसंच्या तसं, हेलासकट, सुपात बसण्यासकट सांगितलं.

फुलाबाई निवडत होती ते तांदूळ तिनं बाजूला सारले. तासाभरानं खालिद आला तेव्हा ती म्हणाली, "सर, सांगा तिला. उंदरांनी कुरतडलेलं सूप आन टेंभा केवढा! तुझं सूप तुझ्याच डोक्यावर उपडं घाल म्हणावं."

खालिद सूप घेऊन निघाला. त्याचं म्हणणं, निरोप आपल्या पोटात घ्यायचा, पचवायचा आणि मग आपल्या वाक्यात सांगायचा.

"काय म्हणाली ती?" अंबूबाईनं विचारलं.

"फुलाबाई म्हणाल्या की सूप जुनं झालंय, जपून वापरायला पाहिजे. आणि ऊन फार आहे, डोकं झाकून काम करा."

अंबूबाईनं सूप हातात घेतलं. "असं म्हणाली व्हय?" ती हळूच म्हणाली. "कधी न्हवं ते."

असे दोन दिवस गेले. अंबूबाईकडं एकापेक्षा एक गोड निरोप येत होते आणि ती विरघळत चालली होती. फुलाबाईकडं एकापेक्षा एक तिखट निरोप जात होते आणि ती पेटत चालली होती. नुजहतच्या कॅसेट भरत होत्या. एवढी जिवंत वाक्यं तिला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. सामग्री दिवसेंदिवस सरस होत चाललीय, असं तिनं वहीत टिपून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी अंबूबाईनं नव्या तांदळाची खीर केली. मोठा वाडगा भरून नुजहतच्या हातात दिला. "जा, दे तिला. म्हणावं, खा गुमान. न्हाईतर तुज्या हातचं तू तरी कसं खाती?"

ही माया होती. अंबूबाईच्या भाषेत मायेला एवढंच तोंड होतं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आवाज मऊ होता. पण नुजहतनं शब्द नेले, हसू कसं न्यायचं याची सोय तिच्या पद्धतीत नव्हती. फुलाबाईनं वाडगा घेतला, निरोप ऐकला, आणि नुजहतच्या देखत नाही, पण ती अंगणाबाहेर पडताच सगळी खीर मोत्या कुत्र्यापुढं ओतली. नुजहत घाईत टेपरेकॉर्डर तिथंच चालू ठेवून आली होती.

खालिद गेला तर फुलाबाई रिकामा वाडगा त्याच्या हातात देत म्हणाली, "सांगा तिला. तुझी खीर कुत्र्याला घातली. त्यानंबी वास घेऊन इचार केला, मंग खाल्ली."

खालिद वाडगा घेऊन परत आला. अंबूबाई दारातच उभी.

"फुलाबाई म्हणाल्या की खीर घरातल्या सगळ्यांना पुरली," तो म्हणाला. "थेंब वाया गेला नाही."

"सगळ्यांना? ती तर एकलीच हाय घरात."

"मोत्यालासुद्धा दिली."

"मुक्या जनावराचाबी इचार केला तिनं!" अंबूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं ते टिपलं.

चहाच्या वेळेला नुजहत टेपरेकॉर्डर परत घेऊन आली आणि ओट्याच्या टोकाला बसून कॅसेट ऐकू लागली. मोत्याच्या जिभेचा लपलप आवाज आला. मग फुलाबाईचा निरोप आला. नुजहतनं तो दोनदा ऐकला. खालिदनं अंबूबाईला काय सांगितलं ते तिनं मघाशीच तिथं बसून लिहून घेतलं होतं. तिनं वही पुढं ओढली, दोन्ही ताडून बघितलं आणि खालिदला परसात बोलावलं.

"हे तुम्ही काय केलंत?" एकांतात ती त्याला 'तू' म्हणायची. 'तुम्ही' म्हटलं की खालिद सावध व्हायचा.

"मी निरोप पोचवला."

"हा निरोप आहे? ती म्हणाली कुत्र्याला घातली, आणि तुम्ही सांगता सगळ्यांना पुरली? सगळा डेटा नासला!"

"मी आशय नेला."

"आशय? आशय काय होता?"

"आशय असा होता की ही बाई दुखावलीय. तो मी पोचवला असता तर अंबूबाई दुखावली असती. मग मी पुढचा आशय पोचवला."

"पुढचा म्हणजे?"

"जो यायला हवा होता तो."

नुजहतनं कपाळाला हात लावला. "हे तुमच्या कार्डिफनं सांगितलंय?"

"कार्डिफनं नाही सांगितलं. पण तू काय करतेस? त्या बाईनं खीर दिली, तू शिवी पोचवलीस. शब्द म्हणजे निरोप नव्हे नुजहत. तुझ्या जागी टेपरेकॉर्डर पाठवला असता तरी चाललं असतं."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे खालिदला बोलता बोलताच कळलं. नुजहतनं टेपरेकॉर्डर उचलला, आपली पिशवी उचलली आणि नळ ओलांडून फुलाबाईकडं राहायला गेली. दारात उभी राहून म्हणाली, "मी आजपासून तुमच्याकडं." फुलाबाईनं काही विचारलं नाही. तिनं चटई टाकली. नांदत्या घरातून रुसून आलेल्या बाईला काय विचारायचं?

सकाळी लक्षात आलं की टेपरेकॉर्डर नुजहतकडं आहे, पण त्यातले सेल संपलेत आणि नवे सेल खालिदकडं. दोघांचंही काम ठप्प. खालिद ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. शेवटी तो अंबूबाईला म्हणाला, "जरा तिला सांगता का, मशीन परत दे म्हणावं?"

"कुणाला? तुमच्या मंडळीला?"

"हो."

"तुमीच सांगा की."

"आम्ही बोलत नाही."

अंबूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चुलीपुढनं उठली. आता पंचाईत अशी होती की निरोप नेणारं दुसरं कुणी नव्हतं. कुंडलिकराव भाटघरला. ती उखळापर्यंत गेली, तिथं थांबली, आणि मान दुसरीकडं करून मोठ्यानं म्हणाली, "नुजहत! तुजा मालक काय म्हनतोय बग!"

नुजहत आत पांघरूण घेऊन पडली होती. जागी होती, पण उठली नाही. फुलाबाई भाकऱ्या थापत होती. बाहेर उभी असलेली बाई कोण आहे हे तिला बघायचीही गरज नव्हती. हाताला पीठ लागलेलं, तशीच ती दारात आली आणि म्हणाली, "झोपलीया ती. रातभर कूस बदलत हुती. काय सांगायचंय?"

"मशीन मागतोय तो."

"उठली की सांगते."

"बरं."

अंबूबाई वळली, दोन पावलं चालली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिकडं फुलाबाईच्याही लक्षात आलं असावं, कारण तिनं हातातलं पीठ झटकलं आणि ती आत न जाता तिथंच उभी राहिली. अंबूबाई घरी आली आणि चुलीत उगाचच दोन लाकडं जास्त सारली.

खालिदनं हे ओट्यावरून पाहिलं. नुजहतनं पांघरुणातून ऐकलं. इतक्या वर्षांचं पहिलं सरळ संभाषण! आणि एका घरात सेल संपलेलं मशीन होतं, दुसऱ्या घरात मशीन नसलेले सेल. त्याची नोंद कुठल्याही कॅसेटवर नाही.

मग दिवसभर हेच चाललं. नुजहतनं कळवलं, "त्यांना म्हणावं, आधी माफी, मग मशीन." फुलाबाई नळावर आली. अंबूबाई तिथं भांडी घासतच होती.

"ती म्हणती, तुमच्या सरांनी माफी मागावी."

"सर कशाला माफी मागतोय? पुरुषाची जात. पर जेवला न्हाई गं तो सकाळपासनं." ही साफ थाप होती. खालिदनं ठेच्याबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या.

"तीबी कुठं जेवलीया?" फुलाबाईनं थापेला थाप लावली. "पर भांडान कशावरनं म्हनायचं?"

"कुनाला ठावं. म्या इचारलं तर म्हनला, वाक्य पोटात असतं का शेजारी असतं, त्यावरनं."

"आमच्या हिनं पन तेच सांगितलं. मला वाटलं, म्या चुकीचं ऐकलं."

दोघी हसल्या. आधी वेगवेगळ्या हसल्या, मग एकत्र. त्यानंतर भांडी घासायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ लागला. बोलता बोलता उंदरांनी कुरतडलेलं सूप निघालं, खीर निघाली, मोत्या निघाला. खालिदच्या सगळ्या गोड निरोपांचं पितळ उघडं पडलं. अंबूबाई म्हणाली, "तरी म्हनलं, तू आन माजं डोकं झाकायला सांगती!" आणि खिरीसोबतचं ते वाक्य अंबूबाईनं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या हसण्यासकट परत म्हणून दाखवलं. फुलाबाईनं तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. तेच शब्द होते, एकही बदललेला नव्हता.

शेवटी वेल्ह्याच्या लग्नाचा विषय आला. नळाजवळचं बोलणं जरा अडखळलं.

"आक्का, एक खरं सांगा," फुलाबाई म्हणाली. "आमटीत बुडी मारावी लागंल असं तुमी म्हनला हुता का?"

पांघरूण टाकून दारामागं आलेल्या नुजहतला वाटलं, आता सगळं पुन्हा फिसकटणार. अंबूबाई नाही म्हणेल, मधल्या माणसावर ढकलेल, आणि ही मानणार नाही.

"म्हनलं हुतं," अंबूबाई म्हणाली. "म्याच म्हनलं. आन पातळ हुतीच ती."

फुलाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. विचार केला.

"हुतीच," ती म्हणाली. "आचारी माझा चुलतभाऊ. त्येनं डाळ घरी नेली हुती."

संध्याकाळी नुजहत ताट वाढून घेऊन खालिदकडं आली. तो सकाळपासून उपाशी आहे, हे फुलाबाईनं तिला पटवून दिलं होतं. नेमकं काय म्हणाला तो, असं नुजहतनं सवयीनं विचारलंही होतं. "नेमकं कोन ध्येनात ठेवतंय बाई," फुलाबाई म्हणाली होती, "त्येचं तोंडच तसं दिसत हुतं."

खालिद ओट्यावर बसला होता. नुजहतनं ताट त्याच्यापुढं ठेवलं.

"जेवला नाहीस म्हणे."

त्यानं ताटाकडं पाहिलं, नुजहतकडं पाहिलं. 'तू' परत आला होता. त्याचं पोट तट्ट फुगलेलं होतं.

"नाही," तो म्हणाला, आणि जेवायला बसला. दुसऱ्या भाकरीला त्याला घाम फुटला, तरी तो खात राहिला.

"खालिद," ती म्हणाली, "तुझ्या मिशीला सकाळचा ठेचा आहे."

तो थांबला. मग दोघंही हसायला लागले आणि बराच वेळ थांबेचनात. नुजहतनं उरलेली भाकरी आपल्याकडं ओढली, कारण तिनं मात्र खरंच काही खाल्लं नव्हतं. जेवता जेवता ती म्हणाली, "टेपरेकॉर्डर म्हणालास ना, ते लागलं मला."

"कळलं होतं. मी निरोप बदलले, ते चुकलंच. तुझं तीन दिवसांचं काम वाया घालवलं."

"ते चुकलंच. पण खीर मी सांडली, मोत्यानं नव्हे."

कुंडलिकराव दुसऱ्या दिवशी भाटघरहून ताजेतवाने होऊन आले. उखळापाशी दोघी बायका एकत्र बसून बोलतायत हे पाहून ते वाटेतच थबकले. आधी त्यांना आनंद झाला. मग अंबूबाई म्हणाली, "आलं का? चार दिस लेकीकडं बसून काय केलंत?" आणि फुलाबाई म्हणाली, "भावजी, खळ्यावरचं भात कुनी झोडायचं?" त्यांनी खालिदला बाजूला घेतलं.

"सर, हे काय करून ठेवलंत?" ते म्हणाले. "पयलं एक बोलायची तवा दुसरी माझ्याकडनं असायची. आता दोघी मिळून बोलत्यात."

परतीची एसटी आलीच नाही. दोघं महाडच्या रस्त्यानं चालत निघाले आणि पुढं एका टेम्पोत जागा मिळेपर्यंत चालत राहिले. निबंधाचं काय करायचं, हा प्रश्न होता. निरोपांच्या अर्ध्या कॅसेट खऱ्या, अर्ध्या खालिदनं गोड केलेल्या, आणि ज्यांच्यासाठी ते गेले ती वाक्यं आता हिर्डोशीत तयार होणंच बंद झालेलं. नुजहत म्हणाली, जे झालं ते सगळं सांगू. खालिद म्हणाला, हसतील लोक. हसू देत, ती म्हणाली.

पुण्याच्या चर्चासत्राला मीही गेलो होतो, मुद्दाम रजा काढून. नुजहतनं शब्दशः नेलेले निरोप फळ्यावर मांडले, खालिदनं पचवलेले मांडले, आणि दोघांनी मिळून सांगितलं की निरोप शेजारी ठेवला काय किंवा पोटात घातला काय, निरोप नेणाऱ्या माणसाचं काय करायचं हे आम्हाला दोन्ही आराखड्यांत नीट बसवता आलं नाही. त्यात आराखड्यांची चूक किती आणि आमची किती, तेही ठाऊक नाही. एवढं ऐकताच पुण्याच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, यावरून सिडनीचंच बरोबर ठरतं. कोल्हापूरचे सर उठले आणि म्हणाले, यावरून कार्डिफ सिद्ध झालं. मग दोघं एकमेकांशी न बोलता अध्यक्षांमार्फत भांडायला लागले. "अध्यक्ष महोदय, त्यांना सांगा," असं दोन्ही बाजूंनी सुरू झालं. अध्यक्ष बिचारे एकदा इकडं, एकदा तिकडं मान वळवत होते. पहिल्या रांगेत बसलेल्या खालिद आणि नुजहतनं पिशवीतून सेल काढून टेपरेकॉर्डरमध्ये घातले.

पुढं दोघांनाही पदव्या मिळाल्या. नुजहतचा प्रबंध आधी झाला, त्यावरून आठवडाभर कुरबुर झाली. दोघांपैकी कुणीही पक्ष बदलला नाही. क्रियापदांचा समूह असतो की नसतो, यावरून हल्ली त्यांच्यात नवीन वाद पेटलाय, आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बसणारा मी अजूनही त्यातलं अर्धं समजू शकत नाही. अन्वरीबाईंनी मात्र गॅसचा नंबर स्वतःच लावायला सुरुवात केली.